तीन नंबरच्या पॅडवरचा पोचू

सिंदेवाहीकडच्या नाटकांत लटारूची ढोलकी आणि पोचूचा ढोल तीस वर्षं शेजारी वाजले. पोचू जंगलातल्या गावचा. वाजवायच्या आधी धानाचं तणस, म्हणजे वाळका पेंढा, पेटवून ढोलाचं चामडं शेकायचा. एकदा त्यानं शेकता शेकता स्वतःचं धोतरच पेटवलं होतं, पण ते राहू द्या. दोन वर्षांमागं पोचू गेला. त्याच्या ढोलाचं चामडं उंदरांनी खाल्लं. तेव्हापासून लटारूला एकच ध्यास, तो ठोका पुन्हा ऐकायचा.

यंदा नाटक कंपनीनं विजेवर वाजणारे रबरी पॅड आणि त्यांना जोडायचा डबा आणला. पहिल्याच तालमीला लटारूनं सवयीनं तणस पेटवलं आणि तीन नंबरचा पॅड शेकला. पॅड मुका झाला. मालकाला कळायच्या आत लटारूनं पॅड आणि त्याचा डबा पिशवीत घातला आणि घर गाठलं. त्याची सून रंजीता मोबाइल दुरुस्त करते. मी त्यांचा शेजारी, तिथंच होतो, चहाची वाट बघत.

"मामाजी, याले शेकलं काऊन?"

"आवाज उघडते."

"याच्यात आवाजच नाई. हे पाहा."

तिनं रबर उचकटलं. खाली रुपयाएवढी पितळी चकती, डिंक वितळून सुटलेली. वाजवायची काडी पडली की चकती हादरते, हादरली की इवलासा करंट होतो आणि तो वायरनं डब्याच्या तीन नंबरच्या इनपुटात जातो. डबा बघतो, कुठल्या इनपुटातून आला, किती जोरात आला, आणि आपल्या पोटातला आवाज काढतो.

"म्हणजे पॅड नुसता निरोप्या," मी म्हटलं.

लटारू डब्याकडं बघत होता. "मंग याच्या पोटात पोचू टाकता येते का?"

रंजीताच्या मोबाइलमध्ये तिच्या लग्नातला व्हिडिओ होता. त्यात पोचूचा एक सुटा ठोका. तिनं चकती चिकटवली, ठोका कापून डब्यात भरला, पिन खोचली.

लटारूनं काडी मारली. ढोल असा घुमला की माझा चहा सांडला. लटारूचं तोंड मात्र उतरलं.

"हा पोचू नाई."

"त्याइचाच ढोल हाये, मामाजी."

"ढोल त्याचाच. पण हा लगेच येते. पोचू मांगून यायचा."

रंजीतानं व्हिडिओ पुन्हा ऐकला. ठोक्याच्या आधी पोचू "हं" म्हणत होता. फालतू समजून तिनं तेवढं कापलं होतं. ते तिनं परत जोडलं.

लटारूनं काडी मारली. "हं," पोचू म्हणाला, आणि मग ढोल.

लटारू बराच वेळ डाव्या बाजूला बघत राहिला. पोचू त्याच बाजूला बसायचा.

"नाटकात हा उशिरा वाजन," रंजीता म्हणाली.

"वाजू दे. मले घाई नाई."

आता तालमीत तो बाकीचे पॅड वाजवतो. तीन नंबरचा का नाही, असं मालकानं परवा विचारलं.

"तो अजून तापला नाई, मालक," लटारू म्हणाला. सगळे चहाला उठले की तो तीन नंबरवर एकच काडी मारतो.