उलट बाजूनं उघडणारं पुस्तक

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बोळात कमरुन्निसाचं बायंडिंगचं दुकान आहे. उदगीरची ही मुलगी लग्न होऊन इथे आली, तेव्हा तिला उर्दू वाचता येई, मराठी फक्त बोलता येई. नवरा लालमहंमद पुस्तकं बांधायचा. त्याच्याजवळ बसून ती दाभण चालवायला आणि खळ शिजवायला शिकली. मराठी पानांवरचे आकडे ओळखता आले की काम भागे. आत काय लिहिलंय, ते वाचणाऱ्यानं बघावं.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर औशाकडच्या एका गावाहून चंद्रप्पा गुरुजी टेम्पो घेऊन आले. टेम्पोत पोती आणि पोत्यांत पुस्तकं. गावचं वाचनालय कोसळलं होतं, आणि गुरुजींनी ढिगाऱ्यातून हाताला लागेल ते उपसून आणलं होतं. पुठ्ठे गेलेले, पानापानांत माती.

"लालमहंमदभाई, एवढी नीट करून ठेवा. नव्या गावात वाचनालयाची खोली झाली की घेऊन जातो."

"बेफिकर राहा गुरुजी. अमानत हाय तुमची."

नव्या गावात घरं झाली, देऊळ झालं, समाजमंदिर झालं. वाचनालयाची खोली काही झाली नाही. लालमहंमदनं फावल्या वेळात माती झाडली, फाटकी पानं चिकटवली, पण नवे पुठ्ठे चढवण्याआधीच तो गेला. पोती माळ्यावर राहिली.

तोवर लातूरचं रूप पालटलं होतं. बारावीच्या निकालांचा बोलबाला झाला, गल्लोगल्ली क्लास निघाले, घराघरात बाहेरगावची पोरं भाड्यानं राहू लागली. एका मोठ्या क्लासच्या छापील नोट्स बांधायचं सगळं काम कमरुन्निसाकडे आलं. मुलगा अकरम म्हणे, "अम्मी, ती पोती रद्दीत टाक. नोट्स ठेवायला जागा न्हाई."

"तुझ्या अब्बांनी जबान दिलीय."

तिनं गुरुजींना निरोप धाडला. उत्तर आलं, खोलीचं काही खरं नाही. वाचणारी माणसं मिळाली तर त्यांना द्या, नाहीतर रद्दीला घाला.

ते तिच्या जिवाला लागलं. भूकंपातून वाचलेली पुस्तकं आपल्या हातून रद्दीत जायची? तिनं ती दुकानाच्या पायरीवर मांडून पाहिली. पोरं नोट्स घेत आणि पुस्तकं ओलांडून जात.

एकजण म्हणाला, "चाची, आमच्या क्लासात पाटीच हाय. अवांतर वाचन बंद."

"अवांतर म्हंजे रे काय?"

"परीक्षेला येत न्हाई ते सगळं."

"मग तुझी आई बी अवांतरच की!"

पोरगं हसलं आणि गेलं. पुस्तकं तिथेच राहिली.

मग ती चूक झाली. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, आणि कमरुन्निसाच्या हाताला जन्माची तीच सवय. परीक्षेच्या आधीच्या घाईत तिनं पोत्यातल्या एका पुस्तकाची पानं उलटी धरली, फिजिक्सच्या नोट्सच्या पाठीला लावली आणि एकत्र शिवून टाकली. आकारही नेमका एकच. पुस्तक इकडून उघडलं की फिजिक्स, फिरवून तिकडून उघडलं की गोष्ट.

दोनेक दिवसांनी एक मुलगी ते घेऊन दारात आली. भोकरकडची वर्षाराणी. पाहताक्षणी कमरुन्निसानं कात्री उचलली.

"दे बेटी, चूक झाली माझी. उसवून देते."

मुलीनं पुस्तक छातीशी धरलं. "उसवू नका चाची! नदीवर नाव चालवणाऱ्या बाईची गोष्ट हाय ही. दर पुरात तिची नाव वाहून जाते, अन् ती पुन्हा बांधते. मी क्लासच्या चाचणीत नापास झाले होते. गावाकडं जायला बॅग भरली होती. हे वाचलं अन् बॅग रिकामी केली. अजून हायत का असली?"

कमरुन्निसानं कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "एक पान वाचून दाखीव."

त्या दिवसापासून नोट्सच्या पाठीला गोष्टी चढू लागल्या. पोरी येऊन म्हणत, "चाची, माझ्या बी केमिस्ट्रीला अवांतर लावा." कोणाला काय द्यायचं, ते आपल्याला कळलं पाहिजे म्हणून कमरुन्निसा वर्षाराणीकडून मराठी अक्षरं गिरवायला लागली. पहिल्यांदा तिनं त्या नावाडीणीचीच गोष्ट वाचली, बोट ठेवून, अक्षर लावून लावून.

मग क्लासचे विरूपाक्ष सर आले.

"बाई, आमच्या फिजिक्समागे नाव चालवणारी बाई कुठून आली?"

"लई चांगली चालवते, सर. वाचून तर बघा."

"थट्टा नको. हे बंद करा, नाहीतर काम दुसरीकडे जाईल."

आतून अकरम डोळ्यांनी खुणावत होता. ती म्हणाली, "काम तुमचं हाय, घेऊन जा. अमानत माझ्याजवळ हाय."

काम गेलं. अकरम आठवडाभर घुश्श्यात होता. पण नवीन नोट्स मिळाल्या आणि दुसरीकडे बांधलेल्या त्या नोट्स घेऊन पोरं तिच्याच दारात आली. उसवा, अवांतर लावा, पुन्हा शिवा! तिनं अट घातली. परीक्षा झाली की परत यायचं, नोट्स तुमच्या, गोष्ट पुढच्याची.

पुढच्या हंगामाला सर पुन्हा आले. "पोरं आमची बांधणी इथं आणून उसवतात म्हणे. मग पहिल्यापासून तुम्हीच बांधा."

"अन् तुमची पाटी?"

"पाटी राहू द्या. पाटी पालकांसाठी असते."

यंदा चंद्रप्पा गुरुजी काठी टेकत आले. थकलेत फार. माळ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "भाभी, पोती कुठं गेली?"

"रिकामी झाली, गुरुजी."

त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात एक मुलगी सुटलेला दोरा घट्ट करून घ्यायला आली. कमरुन्निसानं तिच्या हातातलं पुस्तक फिरवून गुरुजींसमोर उघडलं. पहिल्या पानावर त्यांच्या गावच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का होता.

गुरुजींनी त्यावर बोट ठेवलं. "खोली न्हाई झाली ओ माझ्याकडून."

"खोलीत कोंडून काय करता? तुमचं वाचनालय सगळ्या लातुरात फिरून राहिलंय."

गुरुजींनी उपरण्यानं डोळे पुसले आणि मुलीला विचारलं, "कुठवर आलीस?"

"आत्ताच पूर आलाय. नाव वाहून गेली."

"पुढं काय होतं माहीत हाय का?" कमरुन्निसा सांगायला सरसावली.

मुलीनं दोन्ही कान झाकले. "चाची, सांगू नका!"

गुरुजी इतक्या मोठ्यानं हसले की बोळातली माणसं दारात आली.