काकांचं छऱ्याचं पिस्तूल

डोंबिवलीत आमच्या शेजारच्या काकांकडे स्प्रिंगचं जुनं छऱ्याचं पिस्तूल आहे. दर रविवारी ते खोलून पुसतात, तेलाचा थेंब देतात. दसऱ्याला ते पूजेत मांडलं, पण काकूंना अक्षता वाहू दिल्या नाहीत. "नळीत तांदूळ गेला तर?"

मग पॅसेजच्या टोकाला पुठ्ठा लावून नेम धरायला मलाच सांगितलं. स्वतः कधीच मारत नाहीत, डोळे मिटून, आवाजाकडे कान देऊन बाजूला बसतात. त्या दिवशी माझा छरा पहिल्यांदाच मधल्या काळ्या ठिपक्यात लागला.

"काका, बघा तरी."

"स्प्रिंग कुरकुरतेय रे," म्हणत ते झेंडूंशेजारीच पिस्तूल खोलायला बसले. काकू म्हणाल्या, "आज तरी राहू दे."

पुठ्ठा त्यांनी पाहिलाच नाही. तो मी घरी आणलाय. कुणाला दाखवायचा, कळत नाही.