अंदमानातली तिसरी गादी

अंदमानला जायचं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात तिघी आहेत.

दोघी म्हणजे मी आणि माझी समोरच्या दारातली मैत्रीण. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आमच्या इमारतीत दोन्ही बिऱ्हाडं एकाच वर्षी आली, तेव्हा मुलं बालवाडीत होती. आता मुलं आपापल्या शहरांत आहेत, तिचे यजमान गेले, माझे आहेत पण टीव्हीसमोरून हलत नाहीत. अष्टविनायक, गणपतीपुळे, नात्यागोत्यातली लग्नं, सगळं आम्ही जोडीनेच केलं. तिला गाडी लागायची. म्हणून खिडकी तिची, शेजारची जागा माझी, आणि माझ्या पर्समध्ये आवळासुपारीची स्टीलची डबी. हिवाळ्यात कुळगावच्या बाजारात बारवीकडच्या पाड्यांवरच्या बायका डोंगरी आवळे घेऊन बसतात. त्यांच्याकडून मी आवळे आणायची, किसायची, आलं आणि सैंधव लावून गच्चीवर वाळत घालायची आणि कावळे हाकलत बसायची. घाट सुरू झाला की मी डबी उघडणार आणि ती तळहात पुढे करणार, हे ठरलेलं. त्या तळहातावर आपला हक्क आहे असं मला वाटायचं.

आता माझ्या नकोबद्दलही सांगायला हवं. आमच्या माहेरी पहिल्याच वाढपाला हो म्हणणारं माणूस हावरट समजलं जायचं. कुणाकडे गेलं की चहाला नको म्हणायचं, मग त्यांनी अर्धा कप तरी घ्या म्हणायचं, मग आपण बरं, अगदी अर्धा, असं म्हणून कपभर प्यायचा. हे अंगात इतकं मुरलंय की आवडलेली साडी दुकानदाराने पुढे केली तरी माझ्या तोंडून आधी नकोच निघतं. मैत्रिणीला हे पाठ होतं. ती दोनदा आग्रह करायची, तिसऱ्यांदा रागवायची, मग मी हो म्हणायची.

बदलापूर पूर्वेच्या एका टूरवाल्याने फक्त बायकांची सहल काढली. विमानाने पोर्ट ब्लेअर, तिथून बोटीने हॅवलॉक, मग नील, मग परत. मैत्रिणीने विचारलं आणि मी अर्थातच नको म्हणाले. गुडघ्याचं कारण सांगितलं, यजमानांच्या जेवणाचं सांगितलं, विमानात कान दुखतील असंही सांगितलं. तिने एकेक कारण खोडून काढलं आणि माझंही नाव देऊन आली. मी मनातल्या मनात बॅग केव्हाच भरली होती.

विमानतळावर टूरची मुलगी आमच्याकडे आली. उल्हासनगरच्या एका बाईंची जाऊ ऐनवेळी पाय मुरगळून घरी राहिली होती, तर त्या बाईंना आमच्या खोलीत घ्याल का, असं तिने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मैत्रीण म्हणाली, घेऊ की.

त्या बाईला सगळा ग्रुप भाभी म्हणायला लागला. भाभी सिंधी, नवऱ्याबरोबर उल्हासनगरात कापडाचं दुकान चालवणारी, पन्नाशीची. केस मानेपर्यंत कापलेले आणि पायात पांढरेशुभ्र बूट. तिला काहीही विचारलं की ती हो म्हणायची. चहा घेणार? हां, घेते ना. खिडकी हवी? हां, द्या ना. विमानात खिडकी तिला मिळाली, तिच्या शेजारी माझी मैत्रीण, आणि कडेला मी. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीचा कोपरा माझ्या कोपराला लागत होता. भाभीने डब्यातून कोकी काढली. कांदा घातलेली जाडसर सिंधी पोळी, साजूक तुपात खरपूस भाजलेली. मैत्रिणीने दोन खाल्ल्या. मी रात्री जागून तळलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या तशाच राहिल्या. तिने म्हटलंही, नंतर खाऊ गं. नंतर त्या मऊ पडल्या.

हॉटेलच्या खोलीत एक मोठा पलंग होता आणि भिंतीला लागून जमिनीवर टाकलेली एक जास्तीची गादी. मी म्हणाले, मी झोपते खाली, मला काय. माझा हिशेब असा होता की मैत्रीण म्हणणार, वेडी आहेस का, तुझा गुडघा, आणि ते ऐकून भाभीला लाज वाटणार आणि ती मुकाट्याने खाली उतरणार. मैत्रीण म्हणाली, "बरं." आणि उशीचा अभ्रा नीट करायला लागली.

ती तिसरी गादी सहलभर माझीच राहिली. दर बेटावर नवी खोली मिळायची आणि प्रत्येक खोलीत टूरवाले न विसरता माझ्यासाठी गादी टाकून ठेवायचे. वर त्या दोघींच्या गप्पा चालायच्या. मैत्रीण यजमानांच्या आजारपणाबद्दल सांगत होती. त्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर तिच्याशेजारी मी बसले होते, आणि आता मीच ते खालून ऐकत होते. मधूनच दोघी हसायच्या. मग मी कूस बदलायची, जरा आवाज होईल अशी.

हॅवलॉकच्या बोटीत आम्हाला ओळीने तीन जागा मिळाल्या. बोट बंदराबाहेर पडून डोलायला लागली तशी मी पर्समधून डबी काढली. सहलीला निघालो त्या पहाटे बदलापूरहून विमानतळावर नेणाऱ्या बसमध्येही तिने नेहमीसारखा हात पुढे केला होता, त्यामुळे मी न विचारताच झाकण उघडलं. तिने माझा हात हळूच बाजूला केला. भाभींनी गोळी दिली आहे, बोटीला हीच चालते म्हणाल्या. भाभीने मात्र डबीत बघितलं, चिमूटभर उचललं, तोंडात टाकलं आणि डोळे मिटून चाखलं.

"दीदी, ये तो एकदम भारी आहे. घरी बनवता? मला पण द्या ना थोडी."

मी हसले आणि झाकण लावलं. मला त्या बाईच्या गोळीचा राग आला, बुटांचा आला, मागून घ्यायच्या पद्धतीचा आला. सगळ्यांत जास्त राग आला तो गोळी लागू पडल्याचा. मैत्रीण खिडकीतून उडणारे मासे बघत बसली होती, अगदी टवटवीत.

समुद्र सुंदर होता, हे मी मान्य करते. आपल्याकडच्या समुद्रासारखा मातकट नव्हे. काठाशी दुधात हिरवा रंग कालवल्यासारखा आणि पुढे एकदम गडद निळा. वाळू पिठीसाखरेसारखी बारीक. पण हे सगळं मी त्या दोघींच्या डोक्यांमधल्या फटीतून पाहिलं. फोटो काढायची वेळ आली की फोन माझ्या हातात यायचा. मी दोघींचे फोटो काढले, आणि भाभीचे डोळे मिटलेला एकही फोटो काढून टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी छोट्या बोटीने एका किनाऱ्यावर गेलो. तिथे तोंडाला नळी आणि डोळ्यांना चष्मा लावून पाण्यात पोळीसारखं पालथं तरंगायचं आणि खालची प्रवाळं बघायची. एकेकीबरोबर शिकवणारा माणूस असतो, पोहता यायची गरज नसते. कोंडेश्वरच्या धबधब्याला गेल्यावरही जी काठावर पदर सावरून बसायची, ती माझी मैत्रीण लाइफ जॅकेट घालून तयार झाली. तिने मला विचारलं, येतेस ना?

या समुद्रात हात धरून उतरायचं हे आमचं घरूनच ठरलं होतं. त्यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा लेगिंग घेतली होती आणि ती घालूनच आले होते. मी म्हणाले, "नको, तुम्ही जा."

भाभी लगेच म्हणाली, चलो ना दीदी, मजा येईल, डरायचं काय. आग्रह होता, पण तो नको त्या तोंडून आला होता. मी मैत्रिणीकडे बघत राहिले. तिने माझ्याकडे बघितलं, क्षणभर थांबली, आणि चष्मा डोळ्यांवर ओढत म्हणाली, "मग पिशव्यांकडे लक्ष ठेव."

मी एका आडव्या पडलेल्या झाडाच्या बुंध्यावर बसले, सोळा बायकांच्या पिशव्या राखत. पाण्यावर दोन केशरी पाठी शेजारी शेजारी तरंगत होत्या. शिकवणाऱ्याने पाण्याखाली काढलेला फोटो नंतर सगळ्यांनी पाहिला. निळ्या पाण्यात रंगीत मासे आणि मध्ये दोन हात, एकमेकांत घट्ट अडकवलेले. मैत्रिणीच्या बोटातली पोवळ्याची अंगठी मी लगेच ओळखली. सगळ्या वा वा करत होत्या. मी म्हटलं मासे छान आलेत.

नील बेटावर मी कमी बोलले. कुणाच्या लक्षात आलं नाही. परतीच्या दिवशी वारा होता. बोटीत चढण्याआधी भाभीने गोळ्यांची पट्टी पुढे केली, दीदी, आज समुद्र खराब आहे, घेऊन टाका. मी नको म्हणाले. मला कधी काही लागत नाही, डबीवाली मी आहे, हे मला तिला दाखवायचं होतं.

बोट वर जायची आणि धपकन खाली यायची. थोड्याच वेळात कपाळाला घाम फुटला, तोंडात पाणी यायला लागलं, आणि बोटीवरच्या पोराने दिलेल्या कागदी पिशवीत मी जे काही खाल्लं होतं ते सगळं गेलं. मैत्रीण पलीकडच्या जागेवरून उठून माझ्याशेजारी आली. तिने एका हाताने पिशवी धरली, दुसऱ्या हाताने माझी पर्स उघडली, डबी काढली आणि सुपारीची चिमूट माझ्या ओठांवर धरली. आपणच केलेली सुपारी, पण गाडी लागल्यावर ती कशी लागते हे मला त्या दिवशी कळलं. मी कशीबशी म्हणाले, तूही घे थोडी.

"मला नको गं. गाडी लागायचं तर माझं केव्हाच बंद झालं. हे होते तेव्हापासूनच."

हे म्हणजे तिचे यजमान. मी पुन्हा पिशवीत तोंड घातलं, मग बाहेर काढलं.

"मग इतकी वर्षं खात होतीस कशाला?"

"तू गच्चीवर कावळे हाकलत बसायचीस. तुला नको कसं म्हणू?"

मग मनातलं बाहेर पडलंच. मी विचारलं की एवढं कळतं तर मग किनाऱ्यावर माझं नको तेवढं कसं खरं मानलंस, आणि गादीवरचं कसं मानलंस. समोर भाभी मान मागे टाकून गाढ झोपली होती.

"खरं कुठे मानलं?" मैत्रीण म्हणाली. "तुझं नको मला कळत नाही असं वाटतं का तुला? गादीचंही कळलं होतं. पण दर वेळी तुला तीनदा विचारायचं, तुझी समजूत काढायची, मग तू येणार. मला कंटाळा आला होता गं. भाभींना एकदा विचारलं की त्या हो म्हणतात. जरा बरं वाटलं."

तिने हे रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर मला भांडता आलं असतं. पोर्ट ब्लेअर येईपर्यंत तिने पिशवी धरून ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बंदरातून आम्ही थेट हॉटेलवर गेलो आणि सकाळी विमानतळावर. समुद्रात मी घोट्याच्या वर भिजलेच नाही. ती लेगिंग घरी आल्यावर नुसती झटकली आणि वाळू निघून गेली.

परतल्यावर आवळ्यांचे दिवस आले. मी नेहमीसारखे आवळे आणले नाहीत, मग एक दिवस थोडेसे आणले. एकच ताट गच्चीवर ठेवलं. भाभीचे फोन चालू असायचे. समोरच्या दारातून मैत्रिणीचं हसणं ऐकू यायचं आणि मी कुकरची शिट्टी होऊ द्यायची. एकदा तिने सांगितलं की भाभी सुपारीची आठवण काढत होती. मी म्हटलं बघू.

गेल्या आठवड्यात दुपारी ती दारात उभी राहिली. खांद्याला पर्स, पायात चपला.

"येतेस?"

नको जिभेच्या टोकावर आलं होतं. घरात कणीक मळलेली होती, यजमानांचा चहा व्हायचा होता, गुडघाही होताच. मी म्हणाले, "हो."

ती बघतच राहिली. "अगं, कुठे ते तरी विचार."

वाटेत सांग म्हणत मी चपला घातल्या. जिन्यात तिने सांगितलं. भाभीच्या मुलाने इथेच बदलापुरात खरवईला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट बघितला होता, भाभी आणि तिचा नवरा तिथेच राहायला येणार होते, आणि फ्लॅट बघायला आम्ही यावं अशी भाभीची इच्छा होती. म्हणजे आता उल्हासनगरचंही अंतर राहणार नव्हतं. मी परत वर गेले, सुपारीची एक छोटी बाटली भरून पर्समध्ये टाकली आणि खाली उतरले.

खाली रिक्षा उभी होती. भाभी आत बसलेली होती, पांढरे बूट, मांडीवर मिठाईचा डबा. आओ दीदी, म्हणून ती सरकली. मैत्रीण पुढे झाली, एक पाय रिक्षात ठेवला. मी तिच्या दंडाला धरून तिला मागे घेतलं, तिच्या आधी आत शिरले आणि मध्ये बसले.