नृसिंह सरांच्या कपाटातला कागद

यंदा आमच्या गल्लीत बातमी फिरली की नृसिंह सरांना गौरीचं प्रदर्शन भरवायला शाळेनं बंदी घातली. ही बातमी पानपट्टीवर मीच सोडली होती, तेव्हा ती खोटी आहे हेही मीच सांगतो. शाळेनं काही केलं नाही. सरांनीच नको म्हटलं, तेही नोकरीच्या शेवटच्या वर्षी.

सरांची आणि माझी भिंत एकच. हायस्कूलात विज्ञान शिकवतात, पण सण आला की माणूस पेटतो. संक्रांतीला पतंगाचे कोन मोजायला लावणार. एका बेंदराला मातीचे बैल बादलीत बुडवून घनफळ काढायला गेले. बैल विरघळले, घनफळ राहिलं. दिवाळीत माझ्या पोराच्या किल्ल्याचा बुरूज प्रमाणात नाही म्हणून पाडायला लावला. मी त्यांना पंचांग मास्तर म्हणायचो, ते हसायचे.

सगळ्यात मोठा थाट गौरीचा. आपल्या घरच्या गौरीला कोणत्या पाच वनस्पती लागतात ते नववीच्या मुलांनी विचारून यायचं, पानं चिकटवून तक्ता करायचा. तक्ते वर्गाच्या भिंतीवर लागायचे आणि बघायला घरोघरच्या आया यायच्या.

जूनमध्ये सर आपलं शाळेतलं कपाट रिकामं करायला बसले. जुन्या तक्त्यांच्या गठ्ठ्यात बारा वर्षांपूर्वीचा एक कागद निघाला. गडमुडशिंगीहून शाळेला येणाऱ्या संघप्रियाचा. पान एकही चिकटवलेलं नाही, पेन्सिलीनं दोन ओळी: "आमच्या घरी गौर आणत नाहीत. बुद्ध पौर्णिमेला आम्ही फुलं वाहतो, त्यातली पाच झाडं लिहू का?" खाली लाल शाईत सरांचं अक्षर, 'अपूर्ण'.

संघप्रिया आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला आहे. माझ्या गाडीवर मागं बसून सर तिला भेटायला गेले. यंदा तिनं शाळेत यावं, राहिलेला तक्ता करावा, तो सगळ्यांच्या आधी लावू, एवढंच मागायचं होतं. वाटभर मी चेष्टा करत होतो, "सर, मार्क वाढवून देणार काय?"

जेवणाच्या सुट्टीत ती गेटवर आली. कागद वाचला, त्याची घडी घातली आणि परत दिला.

"मी न्हाय येत सर. राग न्हाय माझा," ती म्हणाली. "पण आईनं त्या दिवशी शेतातल्या भांगलणीचा रोज बुडवून यायचं ठरवलंतं. साडीला इस्त्री करून ठेवलीती. माझा कागद भिंतीवर न्हाय म्हणून मीच तिला सांगितलं, प्रदर्शन रद्द झालंय. आता करून कुणाला दाखवू?"

तिची आई मीनाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. गडमुडशिंगीच्या पाहुण्यांकडून मला ते ठाऊक होतं. वाटेत सांगायला हवं होतं, पण मी मार्कांच्या चेष्टेत दंग.

दुसऱ्या दिवशी सरांनी हेडमास्तरांना यंदा प्रदर्शन नको म्हणून कळवलं.

गौरी आल्या त्या दिवशी पोरी हातात तेरडा घेऊन गल्लीतून चालल्या होत्या, आणि सर कट्ट्यावर तो कागद मांडीवर घेऊन बसले होते. मला राहवलं नाही.

"सर, टाका की आता रद्दीत. बारा वर्षं झाली त्याला."

सरांनी खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं.

"टाकतो की, बाळासो. पोरीनं काय विचारलंय, त्याचं उत्तर तेवढं आधी खाली लिही."