एका ओझ्याला एकच गाठ

उसाची ट्रॉली भरली की मोळ्यांवरून जाड दोर टाकायचा, खाली ओढायचा, दांडकं घालून पीळ द्यायचा आणि गाठ मारायची. टोळीतला कुणीही गडी हे करतो. पण तलवाड्याच्या हनुमाननं बांधलेली ट्रॉली लांबून ओळखू यायची. कारखान्याच्या रस्त्याला बाकीच्यांच्या ट्रॉल्या मोळ्या सांडत जायच्या. ह्याचं मात्र काट्यावर जाईपर्यंत एक टिपरू ढळायचं नाही. दोराचं टोक तो उजव्या हाताच्या मधल्या तीन बोटांना गुंडाळून धरायचा, डोळे मिटायचा आणि बोटांना विचारायचा, बसला का? बोटं हो म्हणाली की गाठ. बापानं, रामकिसननं, त्याला एवढंच शिकवलं होतं, आणि वर एक नेम घालून दिला होता. एका ओझ्याला एकच गाठ. दुसरी मारली, की पहिलीवर शक घेतला. ज्याला शक येतो त्यानं बांधूच नये.

लग्न झाल्यापासून तो आणि बायको सुंदरबाई ऊसतोडीला कोयता घेऊन जात होते. उतारावरच्या पाचटात घसरून, डोक्यावरच्या मोळीसकट सुंदरबाई पडली तेव्हा तिची कंबर गेली. टोळीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. कंबर गेलेल्या बाईचा कोयता कोण नेणार? त्याच साली अमरसिंहानं हनुमानला ड्रायव्हर म्हणून ठेवलं. अमरसिंह म्हणजे गावातला मोठा बागायतदार, वय तिशीच्या आत, गळ्यात साखळी आणि मागं चार पोरं. पगार उशिरा द्यायचा, शिव्या वेळेवर. पण सीट मऊ होती, आणि दिवाळीनंतर टोळी न्यायला मुकादमाचा ट्रक वेशीत येऊन उभा राहायचा तेव्हा हनुमान काच खाली करून टोळीतल्या माणसांना राम राम घालायचा. त्या एका राम रामासाठी तो बाकीचं वर्ष गिळायचा.

मग अमरसिंहाच्या डोक्यात गाडी खाली बसवायचं खूळ आलं. पक्षाच्या साहेबांचा वाढदिवस होता, तलवाड्यातनं बीडला गाड्यांची रॅली जाणार होती. मोबाइलवर त्यानं कुठल्या तरी शहरातली गाडी बघितली होती, बेडकासारखी रस्त्याला चिकटलेली. टायर आणि वरचं मडगार्ड यांच्यामध्ये हात घालून त्यानं हनुमानला दाखवलं. "चार बोटं जाताय्त. आपल्याला दोनच गेली पायजेत." मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा टाकल्या की गाडी खाली बसते. चार लालभडक स्प्रिंगा कुरिअरनं आल्या, आणि दोघं गेवराईला मुबीनच्या गॅरेजवर गेले.

मुबीन पपईच्या टेंपोखाली पाठीवर पडलेला होता. तिथूनच म्हणाला, "अमरभय्या, आज न्हाई जमायचं. उद्या सकाळच्याला या."

"माझी गाडी पपईच्या मागं?"

"पपई सडती भय्या. गाडी सडत न्हाई."

गॅरेजवरची माणसं हसली. अमरसिंहाचे कान तापले. मुबीनवर ओरडायची सोय नव्हती, तालुक्यात असा फिटर दुसरा नव्हता. ओरडायला मग बाजूचाच माणूस सापडला. मुबीनचा चुलतभाऊ फकीर तिथं पाना पुसत उभा होता. त्याच्याकडं बोट करून अमरसिंह म्हणाला, "हनम्या, हा फकीर गाडी चालवतो बी आन् खोलतो बी. तुला नुसतं गोल फिरवता येतंय. तुला मी कावून पोसू, सांग की?"

फकीर खाली मान घालून पाना पुसतच राहिला, पण नाही म्हणाला नाही. हनुमानला वेशीतला मुकादमाचा ट्रक दिसला. आपणच त्याच्या उघड्या हौद्यात बसलोय, असा.

"मी बसवतो की मालक," तो म्हणाला. "त्यात काय हाय?"

"अन् स्प्रिंग कशानं दाबशील बे?"

"दोरानं. ट्रॉली दाबतो, ही हातभर स्प्रिंग काय दाबायची न्हाई?"

आता मुबीन टेंपोखालून बाहेर आला. भिंतीला लोखंडी शिकंजा ठोकलेला होता, दोन जबडे आणि मध्ये जाड स्क्रू. त्यावर हात ठेवून तो म्हणाला, "हनुमान, देख. ह्याच्यात स्प्रिंग दाबली की मगच वरचा नट खोलायचा. दोर नक्को बांधू. ऊस न्हाई ती."

"मग हा शिकंजाच द्या एक दिवस."

"भिंतीसकट ने." पुन्हा हशा झाला. हसू ओसरल्यावर मुबीन खालच्या आवाजात म्हणाला, "बांधायचाच आसंल तर दोन दोर बांध. समोरासमोर. एकावर भरवसा नक्को."

हनुमानच्या तोंडावर कुणी थुंकल्यासारखं झालं. अमरसिंहानं ते टिपलं आणि त्याला मजा वाटली. "आरं, दोन कावून? आमच्या हनम्याची एकच गाठ आसती. बाप सांगून गेलाय. व्हय ना बे?"

"व्हय मालक," हनुमान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अमरसिंहाच्या वाड्यावर, गोठ्यापुढच्या पत्र्याच्या शेडात काम मांडलं. बघायला निम्मं गाव. अमरसिंह खुर्ची टाकून मोबाइलवर व्हिडिओ लावून बसला. त्यात एक गोरा माणूस हातमोजे घालून काही तरी सांगत होता. भाषा कुणालाच कळत नव्हती. त्यानं शिकंजा हातात घेऊन सावकाश समजवायला सुरुवात केली, तसं अमरसिंहानं अंगठ्यानं व्हिडिओ पुढं ढकलला. "लईच बोलतंय बेणं."

गाडी जॅकवर चढली. चाक निघालं. त्यामागचा शॉकअप, म्हणजे स्प्रिंग बसवलेला लोखंडी खांब, हनुमाननं खोलून दोन पायांत उभा धरला. स्प्रिंगच्या वेढ्यांतून दोर ओवला, दांडकं घातलं, पीळ दिला. स्प्रिंग कुरकुरली आणि आखडली. त्यानं टोक बोटांना गुंडाळलं, डोळे मिटले. गाठ मारली. वरचा नट सोडला. नटाखालची लोखंडी टोपी अलगद वर आली. हनुमाननं पीळ सावकाश उलटा सोडत स्प्रिंग मोकळी केली, जशी एखादी बाई झोपलेलं लेकरू खाली ठेवते.

"हाय रे वाघ!" कुणी तरी ओरडलं. अमरसिंहानं स्वतः टाळी वाजवली. "मुबीनला फोन लावा रे. म्हणावं, शिकंजा भंगारात घाल."

फोन खरंच लावला. मुबीन पलीकडून एवढंच म्हणाला, "दुसऱ्या स्प्रिंगच्या वेळंला दोर बदल म्हणा." ते कुणी हनुमानला सांगितलं नाही, सगळे हसत होते.

लाल स्प्रिंग बसली, चाक चढलं. हनुमानचं अंग हलकं झालं होतं. तो आता ड्रायव्हर होता आणि फिटरही. दुसऱ्या बाजूचा शॉकअप निघाला तेव्हा सुंदरबाई चहाची किटली घेऊन आली. ती ह्याच वाड्यावर शेणपाणी करायची. ऊस बांधणाऱ्याची बायको ती, तिची नजर आधी दोरावर गेली.

"आवं, ह्याला कुसं आलीत," ती म्हणाली. पहिल्या स्प्रिंगच्या कडेनं दोर एका जागी खाल्ला होता, तेलानं काळा पडला होता. "गोठ्यातनं दुसरा आणू का? दोन्ही लावा."

हनुमाननं दोर उलगडून बघितला. त्यालाही ते दिसलं. क्षणभर तो उठणार होता.

"आण की सुंदरबाई," अमरसिंह खुर्चीतनं म्हणाला. "दोन आण, तीन आण. हनम्याला आता शक यायलाय."

"फकीरला बोलवू का?" मागचा एक जण बोलला. शेड हसली.

"तू जा गं," हनुमान बायकोवर खेकसला. "मधी मधी करू नगं."

उसाची मोळी दाबली की दबते, आणि दबूनच राहते. खड्ड्याखड्ड्यानं बसत जाते, दोराचं काम सोपं करत जाते. बोटांना आयुष्यभर तेच ठाऊक होतं. स्प्रिंग दबते, पण बसत नाही. ती वाट बघते. हनुमाननं पीळ दिला, टोक तीन बोटांना गुंडाळलं, डोळे मिटले. बोटं हो म्हणाली. त्यानं गाठ मारली आणि टोक बोटांवर तसंच ठेवून डाव्या हातानं नट सोडला.

आवाज एकच झाला. वरची लोखंडी टोपी पत्रा फाडून आभाळात गेली आणि पलीकडच्या कडब्यात पडली. दोर खाल्लेल्या जागी तुटला होता आणि सुटलेल्या पिळानं, गुंडाळलेलं जे जे होतं ते ओढून नेलं होतं. हनुमान बसल्या जागी बसून होता, उजव्या हाताकडं बघत, जसं कुणी दुसऱ्याच्या हाताकडं बघतं. अंगठा होता. करंगळी होती. मधली जागा मोकळी होती.

अमरसिंह उठला, गाडीजवळ गेला, मडगार्डवरून तळवा फिरवला. "पत्र्याला लागलं न्हाई ना बघा रे," तो म्हणाला. मग हनुमानकडं वळला.

दारात गाडी होती, पण तिला एक चाक नव्हतं. दूध डेअरीचा टेंपो आला, त्यातल्या रिकाम्या कॅनच्या मधोमध त्याला बसवलं. सुंदरबाईनं बोटं गोळा केली, कोल्ड्रिंकच्या दुकानातनं बर्फ आणून पिशवीत घातला आणि बीडपर्यंत पिशवी मांडीवर धरून बसली. दवाखान्यात डॉक्टरनं पिशवीत डोकावलं आणि ती परत तिच्या हातात दिली.

त्याच संध्याकाळी फकीर शिकंजा घेऊन तलवाड्याला आला. शिकंजा भिंतीतनं निघत होता, हे आता कळलं. मुबीननं पपईचा दुसरा टेंपो बाजूला सारून त्याला पाठवलं होतं. चहा गार व्हायच्या आत फकीरनं उरलेलं काम उरकलं. जॅक काढला, गाडी बसली, आणि फकीर स्टिअरिंगवर बसला तो तिथंच राहिला. अमरसिंहानं त्याला उतर म्हटलं नाही.

पट्टी सुटल्यावर हनुमान वाड्यावर गेला. अमरसिंह चार पोरांत बसला होता. त्यानं हनुमानला जवळ बोलावलं, उजवा हात धरला आणि टायरच्या वरच्या फटीत नेऊन खुपसला. करंगळी आणि अंगठा गेले.

"बघा," तो पोरांना म्हणाला. "दोनच बोटं जाताय्त. मापच घेऊन आलाय गडी."

पोरं हसून हसून वाकली. हनुमानही हसला. हसणं हे नोकरीतलंच काम होतं, आणि अजून नोकरी आहे की नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"मालक, गाडी एका हातानं बी चालवतो मी."

"फकीर हाय की."

मग तो मुकादमाकडं गेला. मुकादम अजिनाथ जुना माणूस, ह्याच हनुमानच्या ट्रॉल्यांवर कारखान्यात मिशीला पीळ देणारा. त्यानं हात उलटा-सुलटा करून बघितला, बैल बघतात तसा. "एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता," तो म्हणाला. "तुझा पाव झाला. बायकोची कंबर धरली तर काय उरतंय, तूच सांग."

रॅलीच्या आदल्या दिवशी अमरसिंहाचं बोलावणं आलं. झालं असं होतं की बसवलेली गाडी गावातल्या गतिरोधकांवर पोट घासत होती. खालची टाकी एकदा खरडली होती. फकीर म्हणाला होता, चालवणाऱ्याला खालचं दिसत नाही, कुणी तरी उतरून बघायला पाहिजे.

"हनम्या, गाडीत बसायचंय का?" अमरसिंहानं विचारलं.

"व्हय मालक."

"मग पडून बघायचं. टेकती का न्हाई, सांगायचं."

रॅली निघाली. पुढं ढोल, मागं चाळीसेक गाड्या, सगळ्यांच्या पुढं अमरसिंहाची, बेडकासारखी. पहिल्या गतिरोधकाला हनुमान उतरला, डांबरावर पालथा पडला, गाल टेकवला आणि उजवा हात वर केला. "दोन बोटं हाय मालक. येऊ द्या, येऊ द्या." करंगळी आणि अंगठा उन्हात उभे. रस्त्याच्या दोन्ही कडांनी लोक मोबाइल वर धरून त्याचं शूटिंग करत होते. गाडी रांगत पार झाली. तो उठला, पँट झटकली, दाराकडं धावला.

"बसून उठेपतूर पुढचा येतोय," आतून अमरसिंह म्हणाला. "पळत ये."

गावात गतिरोधक जवळजवळ आहेत. शाळेपुढं, ग्रामपंचायतीपुढं, दवाखान्यापुढं, मंदिरापुढं. हनुमान पळाला, पडला, हात वर केला, उठला, पळाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. गावाबाहेर रस्ता सपाट लागला तशी गाडी धूळ उडवत निघून गेली. बीडकडं जाताना त्याची गरज नव्हती, परत येताना पडणार होती. तो वेशीत थांबून राहिला.

संध्याकाळी घरी आला तेव्हा गालात खडी रुतली होती. सुंदरबाई दुपारभर शाळेच्या मैदानात रॅलीसाठी चपात्या लाटत होती, ती चुलीपुढं बसली होती.

"बीड बघितलं का?" तिनं विचारलं.

"बघितलं की," हनुमान म्हणाला. "खिडकीजवळ बसलोतो. मी हात केल्याबिगर गाडी हालत न्हाई. मालक म्हणले, आता कायम येत जा."

सुंदरबाईनं दिवा जवळ ओढला आणि नखानं त्याच्या गालातले खडे काढायला घेतले. खडे काढून झाल्यावर हात धुतले, भाकरी वाढली.

"उद्या वहाणा घालू नगा," ती म्हणाली. "पळताना सुटायल्यात."