प्रेस शॉपच्या भिंतीवरचा फोन

चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग बनतात. तिथल्या टेलिफोन बोर्डावर रोहिदास बोराटे बावीस वर्षं बसत आला आहे. मोशीहून स्कूटरने यायचं, डबा ठेवायचा आणि पावणेआठला बोर्ड ताब्यात घ्यायचा. कुठल्या विभागात कोण फोन लगेच उचलतं आणि कोण उचलून गप्प बसतं, हे त्याला पाठ आहे. साहेब लोकांना मात्र तो त्या खोलीतल्या पंख्याइतकाच दिसायचा.

यंदा वरून फर्मान आलं. फोन, निरोप, मीटिंग, सगळं एकाच ॲपमध्ये आणायचं आणि जुने फोन बोर्डासकट काढून टाकायचे. योजना आखायला समिती बसली. तिचा प्रमुख रविराज, कारखान्यात येऊन सहा महिने झालेला आणि मोठ्या यंत्रांखाली पत्रा दाबला जातो त्या प्रेस शॉपमध्ये एकदाही पाय न ठेवलेला. या मंडळींनी पाच आठवडे एसीत बसून समोसे खाल्ले, रंगीत तक्ते केले आणि ॲप निळं बरं की हिरवं यावर एक अख्खी दुपार घालवली. बोर्डावरच्या माणसाला विचारावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. डोकं असतं तर आलं असतं.

शेवटच्या बैठकीला रोहिदासला बोलावलं, तेही नंबरांची यादी आणून द्यायला. यादी देऊन तो दाराशी थांबला.

"सर, प्रेस शॉपच्या पोरांनी ॲप कशावर बघायचं?"

"मोबाईलवर," रविराज म्हणाला. "प्रत्येकाकडे असतो की."

"असतो. पण गेटवर जमा करावा लागतो. आत न्यायला बंदी हाय."

त्या बंदीचा बोर्ड गेटवर मोठ्या अक्षरांत होता. समितीतले सगळे रोज त्याच्याखालूनच गाडी आत घ्यायचे.

"तो मुद्दा पुढच्या टप्प्यात घेऊ," रविराज म्हणाला. "फोन सोमवारी निघणार."

रोहिदासला प्रेस शॉपमधला कोंडीराम आठवला. दोन वर्षांपूर्वी त्याचा हात प्रेसखाली सापडला, तेव्हा शेजारच्याने भिंतीवरचा फोन उचलला आणि रोहिदासने चार मिनिटांत ॲम्ब्युलन्स दारात उभी केली. दोन बोटं गेली, माणूस वाचला. आता तोच फोन काढायला ही शहाणी मंडळी निघाली होती. रोहिदासचं डोकं तापलं, पण बोलून काय उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी. मात्र साहेब लोक कशाला भितात, हे बावीस वर्षांत त्याला चांगलं कळलं होतं.

शनिवारी त्याने एक कागद टाइप करून रविराजपुढे ठेवला. 'प्रेस शॉपचा फोन माझ्या आदेशाने काढला आहे. यापुढे अपघातात मदतीला उशीर झाल्यास जबाबदारी माझी.' खाली नाव, हुद्दा आणि सहीची जागा.

"सही द्या सर, लगेच लाईन तोडतो."

रविराजने कागद दोनदा वाचला आणि सुरक्षा विभागाकडे धाडला. त्यांनी तो देखभाल विभागाकडे ढकलला, त्यांनी मनुष्यबळाकडे. पाच आठवडे ज्यांचं रंगावर जमलं नव्हतं, त्यांचं इथे एका दिवसात जमलं. सही दुसऱ्याने करावी.

सोमवारी कारखान्यातले बाकीचे फोन निघाले, केक कापला गेला. प्रेस शॉपच्या भिंतीला कुणी हात लावला नाही, आणि त्या एका फोनपायी बोर्ड अन् रोहिदासही राहिले. कागद अजून फिरतोय. कोंडीरामची बोटं जाऊनही जे एकालाही समजलं नाही, ते स्वतःचं नाव लिहायची वेळ आल्यावर सगळ्यांना समजलं.