थेंब पसरला पाहिजे

मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एक आरोग्य उपकेंद्र आहे. तिथे मी माझी चिप पहिल्यांदा घेऊन गेले, त्या दिवशी ती चालली नाही.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. मी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होते आणि वाशिंदला आईबरोबर राहत होते. चिप म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढा, सिलिकॉन रबराचा पारदर्शक तुकडा. त्याच्या पोटात केसासारखी बारीक नळी. नळीत पाण्यात मिसळलेलं थोडं रक्त सोडायचं आणि दोन्ही टोकांना वीज जोडायची. रक्तातलं लाल प्रथिन, म्हणजे हिमोग्लोबिन, विजेच्या ओढीने सरकू लागतं. निरोगी हिमोग्लोबिन पुढे पळतं, सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजारातलं मागे राहतं. लाल पट्टा कुठवर गेला ते भिंगातून दिसतं.

अडचण होती ती सिलिकॉनची. ते पाण्याला जवळ येऊ देत नाही आणि प्रथिनांना मात्र धरून ठेवतं. म्हणून चिप आधी प्लाझ्माच्या, म्हणजे विजेने पेटवलेल्या विरळ वायूच्या, यंत्रात मिनिटभर ठेवायची. त्याने पृष्ठभाग बदलतो, पाणी पसरतं, प्रथिनं अडकत नाहीत. प्रयोगशाळेत हे सगळं छान जमलं होतं. पेपरला एवढं पुरे, असं माझे सर म्हणाले. मला ते पुरेसं वाटत नव्हतं. वडील भातसानगरला धरणावर नोकरीला होते, तेव्हा माझ्या वर्गात वाडीवरून येणारी एक मुलगी होती. हातपाय दुखू लागले की ती बाकावर डोकं टेकून बसायची. सातवीनंतर ती शाळेत आलीच नाही. तिला काय झालं असेल याचा अंदाज मला पुढे एमएस्सीला, रक्ताच्या आजारांबद्दल वाचताना आला. हा विषय मी तेव्हाच धरला.

उपकेंद्राच्या सिस्टरांनी आसपासच्या वाड्यांवर निरोप दिला होता. मे महिना होता. एक बाई अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन पहाटेच निघाली होती. मुलीचे गुडघे सुजलेले, त्यामुळे अर्धी वाट तिला पाठुंगळी घेतलेलं. मी मुलीच्या बोटातून रक्त घेतलं, पाण्यात मिसळलं आणि थेंब नळीच्या तोंडाशी ठेवला. तो अळूच्या पानावर बसावा तसा गोल बसून राहिला. आत जाईना. सुईने ढकलला तर सगळी लाली भिंतीला फासली गेली. दुसरी चिप तशीच, तिसरीही तशीच. पाचवी वाया गेल्यावर मी हात थांबवले आणि जमलेल्यांना सरळ सांगितलं की माझी वस्तू बिघडली आहे, तुम्हाला उगाच त्रास झाला.

बाकीचे उठून गेले. ती बाई बसून राहिली.

"परत येशील का नाय?" तिने विचारलं.

"येईन."

"कधी?"

"भातलावणीच्या आधी," मी म्हणाले. काहीतरी ठरवून बोलायला हवं होतं.

परतताना एसटीत पायाशी ठेवलेल्या पिशवीला हात लावला, तर ती तापली होती. प्लाझ्माचा गुण काही दिवसांनी उतरतो हे मी वाचलं होतं. उन्हाने तो किती लवकर उतरतो हे कुणी बघितलेलं नव्हतं, निदान आमच्याकडे तरी. दुसऱ्याच आठवड्यात मी नव्या चिप्स घरी आणल्या. काही पत्र्याखाली माळ्यावर ठेवल्या, काही कपाटात, काही उकळून गार केलेल्या पाण्याच्या स्टीलच्या डब्यात बुडवून. पण मी सकाळी घर सोडायची ती रात्रीच परतायची. दुपारी थेंब टाकून बघणार कोण? आईला विचारलं. ती दुसरीपर्यंत शिकलेली, उमेदीची सगळी वर्षं भातशेतीत गेलेली. ड्रॉपर कसा धरायचा ते तिने दोनदा करून पाहिलं आणि वही मागितली. थेंब उभा राहिला की ती गोल काढायची, पसरला की आडवी रेघ.

चौथ्या दिवशी माळ्यावरच्या सगळ्या चिप्सपुढे गोल होते. पुढच्या आठवड्यात कपाटातल्यांपुढेही गोल आले.

"पाण्यातला तेवढा पसरतोय गो," आई म्हणाली. "बाकीचं काय खरं नाय."

मी वही सरांपुढे ठेवली. त्यांनी गोल आणि रेघा बराच वेळ पाहिल्या. घरातल्या डब्यावर विश्वास कसा ठेवायचा, हेच प्रयोगशाळेत भट्टी लावून दाखव, असं ते म्हणाले. दाखवलं. निकाल तोच आला. मग चिपला वीज देणारी बॅटरीची पेटी पुन्हा बाहेर न्यायला त्यांनी स्वतःहून सही दिली.

जूनच्या मध्याला, भाताच्या आवणात रोपं वर येत होती तेव्हा, मी शहापूरहून मुरबाडची एसटी पकडली. पाण्याचा डबा सबंध वाटेत मांडीवर होता. ती बाई लेकीला घेऊन आधीच येऊन बसली होती. थेंब ठेवला आणि तो नळीत आपणहून शिरला. मुलीचा पट्टा एकच, मागे राहिलेला. मग तिच्या आईचंही रक्त लावून पाहिलं, त्यात दोन पट्टे, एक पुढे आणि एक मागे. मी भिंग त्या बाईच्या हातात दिलं आणि रक्तातला हा गुण अर्धा आईकडून, अर्धा बापाकडून कसा येतो ते समजावलं.

भिंगातून डोळा न काढता तिने विचारलं, "मंग माझ्यामुळं झालं?"

"तुमच्यामुळे नाही, तिच्या बापामुळेही नाही. दोघांना माहीतच नव्हतं. आता माहीत झालंय, तर औषध करता येईल."

माझी चिप म्हणजे अजून प्रयोगच होता, तिच्यावर कुणाचं औषध ठरवणं बरोबर नव्हतं. सिस्टरांनी त्याच दिवशी काचेच्या नळीत मुलीचं रक्त घेऊन मोठ्या रुग्णालयात पाठवलं. उत्तर तेच आलं. तोवर चार वर्षं त्या पोरीवर वाताचे उपाय चालले होते. आता गोळ्या सुरू झाल्या. भरपूर पाणी पाजायचं, ताप आला तर न थांबता दवाखाना गाठायचा, हे तिच्या आईने पाठ केलं. दुखणं संपलं नाही, पण ते कशाचं आहे हे घराला कळलं. पुढे ती मुलगी दहावीला बसली, उशिरा, पण बसली.

चिप बाजारात कधी आली नाही. प्रबंधात एक प्रकरण तेवढं त्या डब्याचं आहे, आणि आभारांच्या पानावर आईचं नाव सगळ्यांत वर. सिस्टरांची बदली झाली, नव्या आल्या. मी महिन्यातला एक शनिवार राखून ठेवला आणि नोकरी लागल्यावरही वाडीवाडीने चिप्स घेऊन फिरत राहिले.